२८ दिवसांचा हट्ट आणि ९० दिवसांची मर्यादा

पीसीओएस, म्हणजे हार्मोनचा तोल बिघडून स्त्रीबीज वेळच्या वेळी बाहेर न पडण्याचा विकार, याच्यासोबत बराच काळ काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, पाळी २८ दिवसांनीच यावी हा हट्ट सोडावा आणि ती ९० दिवसांपलीकडे लांबू न देण्याचे पथ्य मात्र काटेकोरपणे पाळावे.

ज्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पुरेसे तयार होत नाही. इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनच्या प्रभावाखाली गर्भाशयाचे अस्तर मात्र वाढत राहते. हे असेच चालू राहिले की कधी एकदम खूप अंगावरून जाते, कधी अस्तरातील पेशींची अतिवाढ होते आणि त्यातून पुढे गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून पाळी एवढी लांबली की डॉक्टर आधी गर्भधारणेची चाचणी करून घेतात आणि मग बहुधा १० ते १४ दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनसदृश गोळ्या देतात; त्या थांबल्या की काही दिवसांत अस्तर गळून पडते. हार्मोनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी साधने वापरणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही, कारण त्यांचे अस्तर मुळात पातळच राहते.

गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला येणारी पाळी ही गोळ्यांमुळे येते, शरीराच्या स्वतःच्या चक्रामुळे नव्हे. त्या बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबली, तर गोळ्यांनी शरीर बिघडवले असे नसून मूळचा विकार पुन्हा दिसू लागला, एवढाच त्याचा अर्थ असतो. मात्र रक्तदाब, अर्धशिशी, धूम्रपान किंवा रक्ताची गुठळी होण्याचा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांना सांगितल्याशिवाय, मैत्रिणीला मानवल्या म्हणून या गोळ्या सुरू करू नयेत.

"वजन कमी कर, सगळे ठीक होईल" हा सल्ला मला अर्धवट वाटतो. शरीर इन्शुलिनला नीट दाद देईनासे झाले की ते अधिक इन्शुलिन तयार करते, त्यामुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन जास्त बनतात आणि बीज पक्व होण्याचे काम अडते. वजन जास्त असेल आणि ते ५ ते १० टक्क्यांनी उतरले तरी काहींची पाळी सुधारते, हे खरे आहे, पण सडपातळ स्त्रियांनाही पीसीओएस असतो. शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार होण्याशी संबंधित हार्मोन) यांच्या बिघाडानेही पाळी अनियमित होते, म्हणून ते तपासल्याखेरीज अनियमित पाळीचे खापर पीसीओएसवर फोडणे योग्य नाही.

मी वहीत पाळीची तारीख लिहिते, नुसता डाग होता की खरा स्राव होता ते लिहिते, आणि पॅड किती वेळाने बदलावे लागले तेही लिहिते. सलग काही तास दर तासाला पॅड भिजत असेल, तर वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे. मोबाइलमधील अ‍ॅपने वर्तवलेल्या पुढच्या तारखेवर माझा विश्वास नाही, कारण ती मागच्या सरासरीवरून काढलेली असते. बीज बाहेर पडण्याचा दिवस सांगणाऱ्या घरगुती चाचण्याही पीसीओएसमध्ये फसवतात, कारण त्या बीज सुटण्याआधी वाढणाऱ्या ज्या एलएच हार्मोनचा शोध घेतात त्याची पातळी मुळातच वाढलेली असू शकते. बीज कधी सुटेल याचा नेम नसतो, पण ते कधीच सुटत नाही असेही नाही. म्हणून मूल नको असेल, तर पाळी लांबलेल्या महिन्यांतही गर्भनिरोधक वापरावेच लागते.