समासातली सुंठ

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या मूळ घरी, माळ्यावरच्या फणसाच्या पेटीत, पणजोबांच्या हातची एक वही मिळाली. ते गावच्या देवस्थानचा जमाखर्च लिहीत असत. वही मोडीत आहे आणि मोडी मी पन्नाशी जवळ आल्यावर शिकलो, त्यामुळे पहिले पान लागायला चार संध्याकाळी गेल्या. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता तिला अक्षरे टांगत जायची, अशी या लिपीची रीत. ती शब्द तोडत नाही, ऱ्हस्वदीर्घही पाळत नाही. वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या हाताच्या वळणानेच पुढे सरकावे लागते.

जत्रेच्या खर्चात दशावतारी मंडळींचे, म्हणजे दशावतार हे कोकणातले लोकनाट्य करणाऱ्यांचे, एक पान आहे. तांदूळ, नारळ, मशालींचे तेल, बिदागी, सगळे एकाच बोरूने, एका लयीत उतरलेले. मग समासात, बारीक आणि घाईच्या अक्षरात, एवढीच ओळ: ‘स्त्रीपार्टी यास घशाकरिता सुंठ व गूळ.’ स्त्रीपार्टी म्हणजे स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट. ओळीपुढे रक्कम नाही. सुंठ बहुधा आमच्याच स्वयंपाकघरातून गेली असावी. नंतर ती ओळ वहीत कशाला लिहिली, हे मला अजून उलगडलेले नाही, पण त्या ओळीवरून माझे बोट हलत नाही.

दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान कोणते लावायचे ते मंडळी त्या संध्याकाळी ठरवतात, संवाद उभ्या उभ्या सुचतील तसे बोलले जातात, आणि आडदशावतारातल्या, म्हणजे आरंभीच्या भागातल्या, गणपती-संकासुरापासून रात्रभर रंगलेला खेळ पहाटे दहिकाला झाला की संपतो. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीचीही गत वेगळी नाही: पाठीला पाठ लावून चिकटवलेली चित्रे पोथीत टिकतात, कथा मात्र सांगणाऱ्याच्या गळ्यात राहते. म्हणून या कलावंतांविषयी हाताने लिहिलेले जे काही सापडते, ते बहुतेकदा हिशेबाच्या निमित्ताने लिहिलेले असते, आणि मला ते कौतुकाच्या लेखांहून अधिक विश्वासाचे वाटते. तेलाचा खर्च मांडणाऱ्याला कोणाची स्तुती करायची नव्हती.

सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले चित्रकार सा. ल. हळदणकर यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि ते पाहणाऱ्याला चित्रकाराचे नाव कळते. आमच्या वहीतला स्त्रीपार्टी त्याच मुलखातला, कदाचित त्याच काळातला. त्याच्या वाट्याला ‘यास’ एवढेच सर्वनाम आले. मला त्याच्याविषयी फार हळहळ वाटते.

काजळीची शाई अजून काळीभोर आहे. कागदाला मात्र कसर लागली आहे आणि पावसाळ्यात पाने ओलसर, मऊ पडतात. एका छपाईवाल्याने ती प्लॅस्टिकमध्ये बंद करून देतो म्हटले, तेव्हा मी वही घेऊन परत फिरलो. आता सुती कापडात, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवली आहे आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र काढले आहे.

गेल्या कार्तिकात ते समासाचे छायाचित्र मी स्त्रीभूमिका करणाऱ्या एका वयस्क दशावतारींना दाखवले. त्यांनी ती ओळ तीनदा वाचून घेतली. मग म्हणाले, “आमी अजून सुंठच खातंव,” आणि चेहऱ्याला रंग लावायला बसले.