तळाशी बसलेले बेदाणे

“यात तुझं काय आहे गं?” ब्राउनीचा तुकडा मोडत सासूबाईंनी विचारले आणि मी गप्प झाले.

पाकीट तयार मिश्रणाचे होते, हे खरे. पण पाण्याऐवजी मी गार कडक कॉफी ओतली होती आणि तासगावचे मूठभर बेदाणे त्याच कॉफीत भिजवून, निथळून घातले होते, कारण कोरडे बेदाणे मिश्रणातला ओलावा ओढून घेतात. ते मैद्यात घोळवायचे मात्र राहिले, त्यामुळे सगळे तळाशी जाऊन बसले.

सासूबाईंनी तुकडा उलटा केला, फुगलेले बेदाणे नखाने एकेक टोकरून खाल्ले आणि चॉकलेटी भाग बशीत तसाच ठेवला.

गिरणीतून दळून आणलेल्या पिठाच्या भाकरीला आमच्या सांगलीत असे कोणी विचारत नाही. मग पाकिटालाच हा प्रश्न का?