तिरकं अक्षर

दाराच्या पाटीसाठी परवा दुपारी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे गेलो होतो. पोराने आडनाव टाइप केलं, गोल टोकांचा एक फॉन्ट लावला आणि म्हणाला, ‘‘काका, इटालिक करू? स्टायलिश दिसेल.’’ मी हो-नाही म्हणायच्या आत केलंसुद्धा. शिरोरेषा जागच्या जागी आणि खालचे काने सगळे उजवीकडे कललेले. पीएमटीने कचकन ब्रेक मारल्यावर वरचा दांडा धरून उभी असलेली माणसं दिसतात, तशी.

हा माझा जुना राग. रोमन इटालिकला घराणं आहे. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मानुतियस याने १५०१ साली लॅटिन कवी व्हर्जिल अख्खा त्यात छापला, तिथल्या लेखनिकांच्या धावत्या हातावरून. त्यात अक्षर नुसतं कलत नाही, वळणच बदलतं. आपला धावता हात मोडी लिपीत गेला आणि तिथेच राहिला. देवनागरीला कॉम्प्युटर फक्त ढकलतो.

हे सगळं त्या पोराला तावातावाने ऐकवणार, तेवढ्यात बाबांचे डबे आठवले.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. ड्रॉइंगवरचं त्यांचं इंग्रजी लेटरिंग पंचाहत्तर अंशांत, म्हणजे उभ्या रेघेपासून पंधरा अंश उजवीकडे. अक्षर साडेतीन मिलिमीटर उंच, तर पेन ०.३५ चं. रोट्रिंगच्या पेनाला निबऐवजी बारीक नळी. त्यामुळे रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आणि टोकं आपोआप गोल. बोरूचा नखरा नाही. पेन वापरण्याआधी कानाशी धरून हलवायचे. आतली केसासारखी तार टिकटिक वाजली की शाई चालू. आम्हाला हात लावायची बंदी, ऐकायला मात्र मिळायचं.

तेच पेन घरी आलं की डब्यांवर तूरडाळ, रवा, साबुदाणा, सगळं पंचाहत्तर अंशांत. आई म्हणायची, ‘‘अहो, डाळ सांडेल की!’’

ट्रेसिंग पेपरवर चुकलं की ब्लेडने खरवडावं लागे, म्हणून चुकीचा त्यांना फार धाक. ‘‘उभं अक्षर जरा ढळलं की डोळ्यात येतं,’’ म्हणायचे, ‘‘तिरकं खपून जातं.’’

पुढे हात थरथरायला लागला. गोळ्यांच्या डब्यांवर ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘रात्र’ मी लिहिलं. मार्करने, उभ्या अक्षरांत. त्यांनी डबी डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ पाहिली, आणि गोळी घेतली.

‘‘काका, काय ठेवू? सरळ की तिरकं?’’

‘‘किती अंश आहे रे ते?’’

‘‘अंश?’’ त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. ‘‘बारा-बिरा असेल.’’

‘‘पंधरा कर.’’