भीड भिकेची बहीण: लंडनमध्ये बाहेर जेवायला जाताना

लंडनमध्ये जेवणाचं बिल आलं की खालून वाचायला सुरुवात करा. खाण्यापिण्याची बेरीज, तिच्याखाली 'सर्व्हिस चार्ज १२.५ टक्के', आणि त्याच्याखाली एकूण. ८० पौंडांचं जेवण बघता बघता ९० चं होतं. मध्यवस्तीत काही ठिकाणी हा दर १५ टक्क्यांपर्यंतही गेलाय. ही रक्कम ऐच्छिक आहे असं त्याच ओळीत छापलेलं असतं, पण ती आधीच धरलेली असते. नको असेल तर तुम्ही तोंडानं सांगायचं. आणि आपल्या सांगलीकडची माणसं नेमकी तिथंच गप्प बसतात. ताटावरून उठताना पैशावरून बोलायचं म्हणजे आपल्याला कमीपणा वाटतो.

तर काढायचं कसं? कार्ड मशिनला लावायच्या आधी. वेटरला शांतपणे 'सर्व्हिस चार्ज काढून द्याल का' एवढंच म्हणायचं, कारण द्यायची गरज नाही. तो मॅनेजरला विचारतो आणि नवीन बिल छापून आणतो, नाहीतर मशिनमध्ये रक्कम बदलून देतो. एकदा पैसे गेले की परत मिळवायला ईमेल, मुख्य कार्यालय, वाट बघणं, सगळं आलं. दुसरी गोष्ट अशी की सर्व्हिस चार्ज दिल्यावरही काही मशिनं पुन्हा 'टिप किती?' विचारतात आणि पडद्यावर १०, १२, १५ असे पर्याय दाखवतात. तिथं 'नो टिप' दाबायचं. त्याच गोष्टीचे पैसे दोनदा देणारे कितीतरी पाहुणे इथं असतात. मेनूतल्या किमतीत २० टक्के व्हॅट आधीच धरलेला असतो, त्यामुळे वरून टॅक्स म्हणून कोणी काही लावत नाही. वाढ होते ती फक्त या एका ओळीमुळे. मोबाईलवर कोड स्कॅन करून ऑर्डर दिली तरी ती ओळ हळूच येते, तेव्हा तिथंही शेवटचा पडदा नीट वाचा.

या बाबतीत आपल्या देशाचा नियम सरळ आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलानं सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. इस्लामपूर-पेठनाक्याकडच्या अख्खा मसूरच्या धाब्यांवर तर असली ओळ कधी नव्हतीच. ज्यानं वाढलं त्याच्या हातात आपण खुशीनं दहा-वीस रुपये ठेवतो, आणि ते कोणाच्या खिशात गेले हे आपल्या डोळ्यांना दिसतं.

इथं ते दिसत नव्हतं, म्हणून कायदा करावा लागला. १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप आणि सर्व्हिस चार्ज कामगारांनाच वाटायचा, मालकानं त्यातला पैसा ठेवायचा नाही, आणि पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत वाटप झालं पाहिजे असा नियम आहे. त्याआधी, २००९ सालीच, टिप धरून किमान वेतन भरल्याचं दाखवायला बंदी झाली होती. म्हणून माझं मत असं: कोणी टेबलाशी येऊन नीट विचारपूस केली, वेळेवर वाढलं, तर १२.५ टक्के राहू द्या आणि त्यावर एक पेनीही देऊ नका. काउंटरवर जाऊन ताट तुम्हीच उचलून आणलं असेल, किंवा वीस मिनिटं कोणी फिरकलंच नसेल, तर बिनधास्त काढायला लावा. इथं राहणारे आम्ही बहुतेक वेळा तो राहू देतो, आणि ती उधळपट्टी नाही. आपल्याच जिल्ह्यांतून मास्टर्ससाठी आलेली पोरं विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला फार तर २० तास काम करू शकतात, आणि त्यातली बरीच हॉटेलांतच ताटं उचलतात. त्यांच्या घरभाड्याला हे साडेबारा टक्के लागतात.

पाण्याचंही तसंच. बसल्या बसल्या 'स्टिल की स्पार्कलिंग?' असं विचारतात. दोन्ही बाटलीतलं, दोन्हीचे पैसे. उत्तर तिसरंच द्यायचं: 'टॅप वॉटर.' इंग्लंड आणि वेल्समध्ये दारू द्यायचा परवाना असलेल्या जागी ग्राहकानं मागितल्यावर पिण्याचं पाणी फुकट देणं बंधनकारक आहे. लंडनचं नळाचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर धरतं, पण प्यायला अगदी सुरक्षित. सांगलीत टेकायच्या आधी पाण्याचा जग समोर येतो, आणि कांदा-लिंबाचे पैसे लावले तर गिऱ्हाईक परत येणार नाही. इथं 'ब्रेड आणू का? ऑलिव्ह देऊ का?' हा प्रश्न म्हणजे आदरातिथ्य नसून ऑर्डर असते. भारतीय म्हणवणाऱ्या हॉटेलांतसुद्धा पापड नगावर मोजतात आणि चटण्यांच्या तबकाचे माणशी पैसे लावतात. रस्सा पुन्हा मागितला तर दुसऱ्या प्लेटचं बिल येईल. हे मला कधीच पटणार नाही. जेवायला बसलेल्या माणसाला रस्सा मोजून देणं हा धंदा असेल, पाहुणचार नाही.

मात्र एका गोष्टीत इथल्या स्वयंपाकघरांकडून शिकावं. ऑर्डर घेताना 'कशाची ॲलर्जी आहे का?' हा प्रश्न मनापासून विचारतात. १४ पदार्थांची ठरलेली यादी आहे आणि त्यातलं काय कशात आहे हे सांगणं हॉटेलाला बंधनकारक आहे. २०१६ साली नताशा एडनान-लापेरूस ही १५ वर्षांची मुलगी ब्रेडमधल्या तिळामुळे गेली. पाकिटावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या नावानं ओळखला जाणारा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे: दुकानातच बनवून आधी बांधून ठेवलेल्या प्रत्येक पदार्थावर सगळे घटक लिहायचे. आपली साधी थाळी घ्या. पोळीत गहू, ताकात दूध, फोडणीत मोहरी, कांदा-लसूण मसाल्यात तीळ, भाजीत शेंगदाण्याचा कूट. १४ पैकी पाच तिथंच झाले. शिवाय बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, हे कितीजणांना माहीत असतं? आपल्याकडच्या आचाऱ्याला हे सगळं ठाऊक असतं, पण ते त्याच्या डोक्यात असतं, कागदावर नसतं.

शाकाहारी मंडळींनी मात्र या यादीवर विसंबून राहू नये. ती ॲलर्जीची यादी आहे, शाकाहाराची नाही. चिप्स मासे तळलेल्या तेलात तळतात का, हे विचारा. काही फिश-अँड-चिप्सवाले तर गाईची चरबी वापरतात. पार्मेझान चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ असतो. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे, मऊ जेलीच्या गोडात जिलेटिन. अंडं इथं शाकाहारीच धरतात, ताज्या पास्त्यातही असतं. अंडं अजिबात चालत नसेल तर 'व्हीगन' लिहिलेलं घ्यायचं, मग दही-तूप विसरायचं. चतुर्थीला बाहेर पडायचं असेल तर फळं आणि साधा भाजलेला बटाटा, याच्या पुढं जाऊ नका.

पबमध्ये वेटरची वाट बघत बसू नका, ऑर्डर बारवर जाऊन द्यायची. रांग दिसत नाही, पण आपल्या आधी कोण आलंय हे प्रत्येकानं लक्षात ठेवायचं असतं, आणि बारवाल्यानं तुम्हाला आधी विचारलं तर 'हे माझ्या आधी आलेत' म्हणायचं. पाइंट ५६८ मिलीचा. फेसच जास्त असेल तर 'टॉप अप' मागता येतो आणि कोणी नाक मुरडत नाही. पेग आपल्यासारखा ३० मिलीचा नसून २५ किंवा ३५ चा असतो. वाइनचा १२५ मिलीचा छोटा ग्लास ठेवावाच लागतो, पण विचारल्याशिवाय तुमच्या हातात १७५ चा येऊ शकतो. बारवर घेतलं तर सहसा सर्व्हिस चार्ज नाही. चारजण गेलात तर प्रत्येकानं आपापलं आणायचं नाही, एकेकानं सगळ्यांसाठी आणायचं. आपला राउंड चुकवणारा माणूस इथं पटकन नजरेत येतो.

रात्री साडेनऊला जेवायची सवय असेल तर आधी स्वयंपाकघराची वेळ विचारा. पब अकरापर्यंत उघडा असला तरी बऱ्याच ठिकाणी नऊच्या सुमारास चूल बंद होते, रविवारी त्याहून लवकर. दारावर स्वच्छतेच्या गुणांचं हिरवं स्टिकर बघा, ० ते ५ पर्यंत गुण असतात. इंग्लंडमध्ये ते लावायची सक्ती नाही, म्हणून दिसलं नाही तर फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या साइटवर नाव टाकून बघा. आणि घरचे आठ-दहाजण मिळून जाणार असाल तर टेबल राखताना कार्डाचा नंबर घेतात. रद्द करायची मुदत बहुधा २४ किंवा ४८ तासांची असते, ती उलटली की न आलेल्या प्रत्येक माणसाचे पैसे कापतात. दोघं गळणार हे कळल्याबरोबर फोन करा. टेबलावर बसल्यावर सांगून उपयोग नाही.