आधी टाकं, मग तट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या सोसायटीत दिवाळीचा किल्ला सुरू झाला की दरवर्षी कुणाची तरी आई मला गाठते, "मुलांनी अजून एक वीट रचली नाही आणि तुम्ही त्यांना पाण्यासाठी खड्डा खणायला कशाला लावता?"

याचं उत्तर साताऱ्यात आहे, आजोळच्या मागच्या अंगणात. सहामाही संपली की आम्ही सात मामे-मावस भावंडं तिथे जमायचो. समोर अजिंक्यतारा, हाताशी विटांचे तुकडे, दगड, फाटकी पोती आणि चाळलेली माती. कामं न बोलता वाटली जायची. मुलगे दगड रचणार, पोती चिखलात बुडवून उतारावर अंथरणार. आम्ही मुली विहिरीवरून पाणी आणणार. मी आठ वर्षांची होते. दिवसभर कळशीच्या खेपा घालायच्या आणि बुरूज चढवताना दुसऱ्यांना बघायचं. तिसऱ्या दिवशी मी कळशी तिथेच ठेवली आणि पायरीवर जाऊन रडत बसले.

दादा, म्हणजे मोठा मामेभाऊ, तेव्हा नववीत होता. त्याने माझी समजूत काढली नाही. उलट सगळ्यांना विचारलं, "गडावर पाणी कुठाय? वेढा पडला तर मावळे पिणार काय?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग त्याने जवळजवळ पुरा झालेला बालेकिल्ला अर्धा उतरवला आणि मला हाक मारली. "टाकं तुझं. कुठे खणायचं ते तूच सांग."

मी माचीवर, तटाला अगदी लागून खणलं. रात्रभर पाणी मुरलं आणि सकाळी तुळशीकडचा तट बसलेला, दोन मावळे गळ्यापर्यंत चिखलात. दादा एवढंच म्हणाला, "तटापासून लांब घे." दुसऱ्यांदा मी तळाशी नारळाची करवंटी पुरली, कडेने चिकणमाती आणि शेण थापून बोटाने गुळगुळीत केलं. खड्ड्यातून निघालेली माती वाया घालवायची नाही म्हणून तीच बुरुजाला लावली. पाणी टिकलं. भोवती पेरलेले अळीव सगळ्यात आधी तिथेच तरारले. ते हिरवं अजून डोळ्यांसमोर आहे.

कॉलेजात असताना आम्ही भावंडं राजगडावर गेलो. पद्मावती तलावाच्या काठावर बसून दादाने आज्ञापत्रातला, म्हणजे मराठी राज्याच्या कारभारावरच्या जुन्या ग्रंथातला, भाग सांगितला. रामचंद्रपंत अमात्यांनी १८व्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय की आधी पाणी बघावं, मग गड बांधावा. पाणी नाही आणि गड तर हवाच, तर आधी खडक फोडून टाकी-तळी करावीत. पुढचं वाक्य ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला. गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. एवढ्या बारकाईने पाण्याचा विचार केलेला! आणि टाकं खोदताना निघालेला दगड तटाला वापरायचा, ही तर गडांवरची नेहमीची रीत. आम्ही अंगणात नकळत तेच केलं होतं.

म्हणून मी आधी खड्डा खणायला लावते. आणखी एक करते, ते तुमच्या लक्षात आलं नसेल. जे मूल बादली घेऊन नुसत्या खेपा घालत असतं, टाक्याची जागा त्यालाच विचारते. यंदा ती दुसऱ्या मजल्यावरची पहिलीतली मुलगी होती. तिने जागा दाखवली ती थेट बालेकिल्ल्याच्या पायाशी. तट ढासळणार हे मला दिसत होतं. मी काही बोलले नाही.

ढासळला. तिने करवंटी मागितली नाही, घरून जुनी मातीची पणती आणली.

तुळशीच्या लग्नानंतर आम्ही मावळे कागदात गुंडाळून ठेवले, विटा कडेला रचल्या. पणती तिने काढू दिली नाही. परवा सकाळी खाली गेले तर ती पाण्याने भरलेली होती आणि काठावर एक चिमणी बसली होती.