तुम्ही विचारलंत म्हणून : आमची मुकादम

गेल्या आठवड्यात एका साखरपुड्यात पंगतीला बसले, तर शेजारच्या द्राक्ष बागाईतदाराने तोच प्रश्न काढला. "ताई, तुमच्या मुकादमबाईसारखं एखादं माणूस आम्हालाही बघून द्या की. तुमचं बरंय, बाग तिच्या भरवशावर टाकून नाशिकला जाऊन येता." हे मला औषधाच्या दुकानात विचारून झालंय, चर्चासत्रात विचारून झालंय, सख्ख्या दिराने दोनदा विचारलंय. दर वेळी मी "बघते" म्हणते आणि घरी येऊन चिडचिड करते. आता एकदाच लिहून टाकते. मला राग येतो तो त्या "बघून द्या"चा.

ती मला सापडलेली नाही. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आपल्या दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरांच्या ज्या टोळ्या उतरतात, त्यांतल्याच एका टोळीतून ती २०१६ साली आली. चौथी शिकलेली. पहिली दोन वर्षं मला तिचं नावही ठाऊक नव्हतं, लाल फडकीवाली एवढीच ओळख. तुमच्या बागेत आज जी बाई वेलावरची फेलफूट, म्हणजे नको असलेली फूट, काढते आहे, तिच्याहून हिच्यात काही वेगळं आहे असं मला तेव्हा दिसलं नव्हतं. टोळीचा मुकादम पुरुष होता. उक्तं ठरवायचा, उचल घ्यायचा आणि दुपारी गायब व्हायचा. घड विरळ करताना, म्हणजे विरळणीत, कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा हे नव्या पोरी हिला विचारायच्या. तो मुकादम एका वर्षी आलाच नाही, म्हणून मी हिला मुकादम केलं. एवढीच गोष्ट आहे. माझी पारख वगैरे काही नाही.

मग मी गावभर सांगत सुटले की बाग बाईच्या हातात दिली. खरं तर तिच्या हातात मी फक्त हजेरीची वही दिली होती. छाटणीची तारीख मी ठरवायची, औषधं सल्लागार सांगायचा, भाव व्यापारी ठरवायचा. तिने माणसं मोजायची आणि मी फोनवर सांगितलेलं त्यांना सांगायचं. याला मी जबाबदारी म्हणत होते. तुमच्यापैकी बरेच जण अजूनही म्हणतात, आणि मग "आमचा माणूस पुढाकारच घेत नाही" अशी तक्रार करतात.

२०१० साल आठवतं ना? द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे, म्हणजे वेलाची वाढ रोखणाऱ्या औषधाचे, अंश सापडले आणि युरोपात आपला माल अडकला. त्या वर्षी आपण सगळे शहाणे झालो. फवारणीच्या नोंदी, काढणीपूर्व कालावधी, निर्यातीच्या बागांसाठीची ग्रेपनेटची नोंदणी, सगळं तोंडपाठ झालं. पण ज्याच्या हातात फवारणीची गन असते त्याला कुणी बसवून सांगितलं का, की काय झालं होतं आणि कशामुळे? मी तरी नाही सांगितलं. मी नोंदवही चार-चार दिवसांनी आठवून भरायची. एकदा तिनेच विचारलं, "ताई, मंगळवारचं आज लिहिता, तर मग हे कशाला लिहायचं असतं?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." हे वाक्य मी तिला नक्की किती वेळा ऐकवलं असेल, आता मोजता येणार नाही.

आता ज्या दिवसाबद्दल मी कुणाशी बोलत नाही, तो सांगते.

२०२१चं वर्ष. एप्रिलच्या खरड छाटणीला, म्हणजे पुढच्या हंगामाच्या काड्या तयार करायच्या छाटणीला, करोनाची दुसरी लाट होती. निम्मी टोळी भीतीने गावाला निघून गेली. सातव्या पानावर शेंडा मारायचं काम ओढ्याकडच्या अकरा ओळींत आठवडाभर मागे पडलं. तिथे जमीन भारी, वेल जोरात. फुटी एकमेकींवर पडल्या, मांडव गर्द झाला. त्यातच मेच्या मध्यावर तौक्ते वादळाचं ढगाळ हवामान. काडीच्या डोळ्यांत पुढचे घड धरायचे ते नेमके दिवस, आणि त्याला ऊन लागतं. शेवटी उरलेल्या सात-आठ बायांना घेऊन तिनेच त्या ओळी मोकळ्या केल्या. मी त्या महिन्यात घराबाहेर पडले नव्हते.

ऑक्टोबरमध्ये डोळे तपासणीसाठी, म्हणजे काडीच्या कुठल्या डोळ्यात घड आहे हे बघण्यासाठी, काड्या मी तोडल्या, शेडजवळच्या ओळींतून. खाली ओढ्यापर्यंत चिखल होता म्हणून. प्रयोगशाळेचा अहवाल चांगला आला. सल्लागार म्हणाला, सबकेनच्या, म्हणजे शेंडा मारल्यावर फुटलेल्या उपकाडीच्या, गाठीपुढे एक डोळा ठेवून सरसकट कापा.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी थॉमसन जातीच्या खालच्या प्लॉटला गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, कात्री लागली. दोन एकर, नऊ बाय पाच फुटांवर वेल. मी दुपारी चारच्या सुमाराला पोचले, तर ओढ्याकडच्या ओळींत काड्या लांब दिसल्या. गाठीपुढे कुठे तीन डोळे, कुठे चार. बाकी प्लॉट एका मापात आणि तिथेच असं. पेस्टिंगची, म्हणजे डोळे फुटायचं औषध लावणारी, माणसं मागून येतच होती. माझं डोकं फिरलं. बावीस माणसांसमोर मी ओरडले, "तुला डोकं चालवायला कुणी सांगितलं? छाटायला सांगितलंय तेवढं छाट!"

ती म्हणाली, "ताई, इथे खालच्या डोळ्यांना ऊन नव्हतं मिळालं." एकदाच म्हणाली. मी म्हटलं, "अहवाल तू वाचलास का?" त्यावर ती काही बोलली नाही. कात्री घेऊन पहिल्या ओळीत शिरली आणि स्वतःच पुन्हा कापायला लागली. तिच्या मागे बाया लागल्या. त्या वेळी बागेत कुणी एक शब्द बोलत नव्हतं, फक्त कात्र्यांचा आवाज येत होता. अंधार पडेपर्यंत दहा ओळी झाल्या. अकरावी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पेस्टिंग तिच्यावरूनही होऊन गेलं.

सतराव्या दिवशी मी एकटी खाली गेले. दहा ओळींत पानं होती आणि घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसते ताणे होते. घड जिरले होते. कुठेतरी एखादा गोळी घड, म्हणजे नीट न वाढलेला. अकराव्या ओळीत घड होते. प्रत्येक काडीवर नव्हते, पण होते. मी सलग तीन दिवस पहाटे जाऊन ते बघत उभी राहिले, जणू रोज बघून काही बदलणार होतं. ती वरच्या प्लॉटमध्ये टोळी घेऊन काम करत होती. ती एकदाही खाली आली नाही, आणि तिला बोलवायचं धाडस मला झालं नाही.

सल्लागाराला विचारलं तर तो म्हणाला, अकरावी ओळ कडेची आहे, तिला बाजूने ऊन मिळतं, त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधू नका. त्याचं म्हणणं खरं असू शकतं. एका ओळीवरून ती बरोबर होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण काड्या मी शेडजवळून तोडल्या होत्या हे मात्र शपथेवर सांगू शकते.

नुकसान झालं ते झालं, वर्षभरात विसरलंही असतं. पण त्या दिवसानंतर तिने एकही गोष्ट मनाने ठरवली नाही. दिवसाला पंचवीस-तीस फोन. "ताई, पाणी किती वेळ सोडू? ताई, बायांना जेवायला सोडू का?" बायाही काही विचारायचं झालं तर तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघायच्या. डिसेंबरात जीएचं डिपिंग, म्हणजे मणी फुगवायच्या संजीवकात घड बुडवणं, चालू असताना ऊन चढलं तरी टोळी थांबली नाही. का थांबवलं नाहीस विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही सांगितलं नव्हतं."

आता माझी बाजू. तीही ऐका, कारण ती खोटी नाही. त्या वेळची मी आजच्या माझ्याशी अजून भांडते. ती जुनी मी म्हणते, कर्ज माझ्या सातबाऱ्यावर आहे. बाग गेली तर टोळी दुसऱ्या बागेत जाईल, मी कुठे जाऊ? चूक करायचा हक्क द्या म्हणणं सोपं आहे. गोडी छाटणी वर्षातून एकदाच येते. एका एकरात नऊशे अडुसष्ट वेल, आणि चुकीचा कट पुन्हा जोडता येत नाही. माझ्या चुकीचे पैसे मी भरले, तिच्या चुकीचेही मीच भरले असते. या बोलण्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. एवढंच म्हणते की हे सगळं शेडमध्ये बोलता आलं असतं. आणि एवढी वर्षं मलाही कुणीतरी हेच ऐकवत होतं. औषधवाले माझ्यासमोर उभे राहून माझ्या नवऱ्याला फोन लावायचे, "साहेब, ताई असं म्हणतायत, घालू का?" माझे यजमान शाळेत शिक्षक. त्यांना वेलावरचे रोग, भुरी कुठली आणि केवडा कुठला, हे ओळखता येत नाही. तो अपमान मला पुरता माहीत होता. तरी मी तेच केलं.

२०२२च्या एप्रिलला ती आली नाही. फोन उचलेना. मेमध्ये मी सावळघाट चढून तिच्या गावी गेले. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले होते, सगळीकडे राखेचा वास. तिने कोरा चहा दिला. मी पगार वाढवते म्हटलं, वर्षभराचा बांधून देते म्हटलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बायांसमोर बोलल्या तुम्ही, ताई. मी त्यांना उद्या काय सांगू?" मी माफी मागितली. तिने "असू दे" म्हटलं नाही. म्हणाली, "बोलायचं तर शेडमध्ये. ओळीत नाही. आणि तपासायच्या काड्या मी तोडीन."

एवढ्या दोन अटींवर ती परत आली. तुम्ही जे "तिच्या भरवशावर" म्हणता, ते इथून सुरू झालं. त्यानंतर मी काय केलं विचाराल तर तिला माहिती दिली. कुठल्या प्लॉटचा माल कुठे जाणार, निर्यातीला किती मिलीमीटरचा मणी लागतो, कुठलं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद, आणि गेल्या वर्षी किलोला किती मिळाले. भाव सांगायला मला सगळ्यात जड गेलं. तिला भाव कळला तर मजुरी वाढवून मागेल ही भीती होती. तिने मागितली, आणि मला द्यावी लागली. आता फवारणीची नोंद ती त्याच संध्याकाळी करते. अडलं तर तिची मुलगी लिहून देते. वारा सुटला तर गन बंद करायला सांगते, मला नंतर कळवते.

तिला एका चर्चासत्रालाही नेलं. तिने काडीच्या पक्वतेवर प्रश्न विचारला आणि वक्त्याने उत्तर दिलं ते माझ्याकडे बघून. परत येताना ती म्हणाली, पुढच्या वेळी तुम्ही एकट्याच जा. प्रशिक्षणं होतात, पण बसतो आपण मालक. छाटणारा हात बागेतच असतो.

तिला देवी करू नका. ती टोळीशी कडक वागते. गेल्या विरळणीत एका पोरीने आपल्या मनाने घड हलके केले, तर ही तिच्यावर ओळीतच ओरडली. मी शेडकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा कामाला लागली. त्या पोरीला संध्याकाळी तिने काय सांगितलं, ते मला माहीत नाही. यंदा तपासणीच्या काड्या तोडायला मात्र तिने त्याच पोरीला बरोबर घेतलं आहे.

आणि मला देवी तर अजिबात करू नका. मी अजूनही टोळी गेल्यावर ओळी मोजत फिरते. कृषी पदविका झालेला मुलगा ठेवला असता तर त्याला जेवढा पगार दिला असता, तेवढा मी तिला देत नाही. ती त्याच्याहून जास्त जाणते हे मला पक्कं ठाऊक आहे. का देत नाही याला माझ्याकडे कारण आहे, पण मोठ्याने सांगावं असं नाही. ती विचारत नाही, मी विषय काढत नाही.

यंदाची छाटणी १२ ऑक्टोबरला धरली आहे. त्याआधी तिच्याशी पगाराचं बोलायचं आहे. शेडमध्ये.