तुम्ही विचारलेत म्हणून : मेटलच्या गदारोळात एरहू कशासाठी?

‘एवढ्या गदारोळात एरहूसारखे नाजूक पारंपरिक वाद्य कशाला घुसवतात?’ तैवान, चीन किंवा कोरियातील मेटल (कर्कश गिटार आणि किंचाळ्यांचे रॉक संगीत) वाजवणाऱ्या बँडची गाणी मी ऐकवली की हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक जण शास्त्रीय संगीताचे जाणकार श्रोते असतात. त्यांच्या स्वरात हेटाळणी नसते, तर शेकडो वर्षांची परंपरा परदेशी श्रोत्यांपुढे शोभेची वस्तू म्हणून मांडली जात असावी, ही शंका असते. शंका अगदीच निराधार नाही. पोशाख प्राचीन, चित्रफितीत देऊळ आणि धुके, पण वाद्य मात्र दोन कडव्यांच्या मध्ये आठ मात्रांपुरते वाजून गप्प, असली गाणी मीही पुष्कळ ऐकली आहेत आणि ती मला आवडत नाहीत. परंतु ज्या बँडसाठी मी हे संगीत ऐकतो, त्यांच्या बाबतीत ‘घुसवणे’ हा शब्दच लागू पडत नाही, कारण मेटलला जे हवे असते ते त्यांच्या परंपरेत आधीपासून होते.

तैवानमधील देवळांच्या मिरवणुका पाहा. देवाच्या पालखीपुढे ‘आठ सेनापती’ म्हणून ओळखले जाणारे नर्तक चालतात. त्यांचे चेहरे भडक रंगांनी असे रंगवलेले असतात की लहान मुलांनी घाबरावे, कारण दुष्ट आत्म्यांना पकडणे हेच त्यांचे काम आहे. भोवती झांजा, घंटा, फटाके आणि सुओना यांचा कल्लोळ असतो. (सुओना म्हणजे आपल्या सनईच्या कुळातले, पण कितीतरी कर्कश आणि उघड्या मैदानासाठी घडवलेले वाद्य.) नॉर्वेच्या मेटल बँडनी प्रेतासारखे चेहरे रंगवण्याची रीत पाडली. तैपेईमध्ये 1995 साली स्थापन झालेल्या थॉनिक या बँडनेही चेहरे रंगवले, परंतु त्यासाठी त्यांना उत्तर युरोपकडे पाहण्याची गरज नव्हती. भुतांचे चेहरे त्यांच्या गल्लीतून दरवर्षी जात होते.

आता एरहूबद्दल. या वाद्याला दोनच तारा असतात आणि गजाचे केस त्या दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, त्यामुळे गज वाद्यापासून वेगळा करताच येत नाही. खाली बोटपट्टी नसल्यामुळे बोट तारेवर अधांतरी सरकते आणि प्रत्येक स्वर मींडेसारखा ओढला जाऊ शकतो. म्हणूनच एरहूचा आवाज माणसाच्या गळ्याच्या इतका जवळ जातो. तैवानच्या लोकनाट्यात रडण्याच्या खास चाली आहेत, ज्यांत पात्राचा विलाप आणि गाणे यांच्यातील सीमा पुसली जाते. थॉनिकच्या गाण्यांत एरहू हेच काम करतो. गिटार खालच्या पट्टीत घुमत असतात, ढोल अखंड कोसळत असतात, गायक किंचाळत असतो, आणि या सगळ्याच्या वर एकच बारीक आवाज रडत राहतो. हा आवाज काढून घेतला तर गाण्यात क्रोध उरेल, पण तो कोणासाठी आहे हे कळणार नाही.

तो कोणासाठी आहे, हे समजले की बाकीचे आपोआप उलगडते. 1930 साली तैवानमधील वूशे येथे मोना रुदाओच्या नेतृत्वाखाली सेदिक आदिवासींनी तेव्हाच्या जपानी सत्तेविरुद्ध उठाव केला; थॉनिकचा 2005 सालचा अल्बम त्यावर आहे. 2011 सालचा अल्बम दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यातून लढलेल्या तैवानी आदिवासी स्वयंसेवकांवर आहे. त्या स्वयंसेवकांपैकी एक जण युद्ध संपल्याचे न स्वीकारता इंडोनेशियातील मोरोताई बेटाच्या जंगलात राहिला आणि थेट डिसेंबर 1974 मध्ये सापडला. या दोन अल्बमच्या मध्ये, 2009 साली, 28 फेब्रुवारी 1947 रोजी तैवानमध्ये पेटलेल्या जनक्षोभावरचा अल्बम आला. त्या वेळी तैवानवर सत्ता असलेल्या राष्ट्रवादी चिनी सरकारच्या सैन्याने तो क्षोभ चिरडला. पुढे सरकारनेच नेमलेल्या अभ्यासगटाने मृतांची संख्या 18,000 ते 28,000 अशी अंदाजली. 1987 साली लष्करी कायदा उठेपर्यंत त्याबद्दल उघडपणे बोलणे धोक्याचे होते. थॉनिकच्या कथेत एक मांत्रिक पाताळात उतरतो आणि जन्ममृत्यूची नोंदवही चोरून उठावाचे भवितव्य बदलू पाहतो. ज्या मृतांचा शोक चाळीस वर्षे मोठ्याने करता आला नाही, त्यांच्यासाठी इतका मोठा आवाज मला अवाजवी वाटत नाही. या बँडचा गायक फ्रेडी लिम 2016 साली तैवानच्या संसदेवर निवडून आला, हेही मला याच कामाचा पुढचा भाग वाटते.

मात्र याच ठिकाणी मला थांबून विचार करावा लागला. चीनच्या ब्लॅक किरिन या बँडने 2015 साली जपानी सैन्याने 1937 मध्ये नानजिंगमध्ये केलेल्या हत्याकांडावर अल्बम काढला आणि त्यातही एरहू रडतो. 1937 साली नानजिंग ही ज्या राष्ट्रवादी सरकारची राजधानी होती, त्याच सरकारच्या सैन्याने दहा वर्षांनी तैवानमध्ये गोळ्या चालवल्या. म्हणजे एकाच वाद्याच्या त्याच दोन तारा दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी वाजत आहेत. पारंपरिक वाद्य आले की ‘राष्ट्रीय संस्कृती’ आली, असे समजणाऱ्यांनी हे दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकावेत. तसे केल्यावर मला एरहू कोणत्याही एका झेंड्याखाली उभा करता आला नाही.

कोरियातील जाम्बिनाईची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती अधिक धाडसी वाटते. पारंपरिक संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेल्या तिघांनी 2009 साली हा गट सुरू केला. त्यांच्याकडे हेगुम हे दोन तारांचे गजवाद्य आहे, पिरी हे बांबूचे सुषिरवाद्य आहे आणि गॉमुन्गो आहे. गॉमुन्गो हे सहा तारांचे आडवे वाद्य जुन्या कोरियात विद्वानांचे, संयमाचे वाद्य मानले जाई. परंतु ते बांबूच्या छोट्या काडीने वाजवतात, आणि काडी तारेवरून उतरून वाद्याच्या अंगावर आपटली की स्वराबरोबर ठोकाही उमटतो. तो आघात जाम्बिनाईने हेरला. त्यांच्या रचनांत गॉमुन्गो गिटारला साथ देत नाही. मेटलमध्ये गिटार जे काम करते तेच काम तो स्वतः करतो, तेच ते घनघोर आवर्तन पुन्हा पुन्हा ठोकत राहतो. यात गायन अगदी कमी असल्याने भाषा न कळण्याची अडचणही फारशी येत नाही. 2018 साली प्यॉन्गचांगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपात हा गट वाजला, तेव्हा विद्वानांच्या दालनातले ते वाद्य उघड्या मैदानात गरजत होते.

जपानचा ओन्म्योझा आणि मंगोलियाचा द हू या बँडबद्दलही लोक विचारतात. दोन्ही मी आनंदाने ऐकतो, विशेषतः द हूमधले घोड्याच्या डोक्याचे मोरिन खूर हे गजवाद्य आणि खर्जातले कंठगायन, परंतु तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला तैवान आणि कोरियातच अधिक स्पष्ट सापडले.

तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचे असेल तर जाम्बिनाईच्या 2016 सालच्या अल्बमपासून आरंभ करावा आणि आवाज फार कमी ठेवू नये, कारण हळू आवाजात काडीचा ठोका हरवतो. पहिल्या ऐकण्यात केवळ त्या ठोक्याकडे कान ठेवावा. त्यानंतर थॉनिकचा 2009 सालचा अल्बम घ्यावा, आणि किंचाळी असह्य झाली तर तिच्या वरचा एरहू पकडून शेवटपर्यंत जावे.